आधी कान, मग कॅमेरा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलांनी केलेली तीन-साडेतीन मिनिटांची फिल्म दाखवली. विषय यंत्रमागाचा. मोबाईलवर शूट केलेली, मोबाईलवरच एडिट केलेली. चित्रं खरोखर देखणी होती. मागावर ओळीओळीने उमटत जाणारा चादरीवरचा मोर, उन्हाच्या कवडशात तरंगणारी कापसाची तुसं, आडवा दोरा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा धोटा. मग पडद्यावर एक बाई आली. टॉवेलच्या घड्या घालता घालता ती कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागली. बराच वेळ बोलली. मध्येच हसली, एकदा हात वर करून छताकडे कसलीशी खूण केली. आपल्याला मात्र ऐकू येत होती बासरी, कुठल्याशा ॲपमधून फुकट मिळालेली, करुण वगैरे. शिक्षकांनी नंतर सांगितलं, "मागाचा लई आवाज येत होता, काहीच कळंना, म्हणून म्युझिक टाकलं." फिल्मला टाळ्या चांगल्या पडल्या. मुलांचे चेहरे उजळले होते आणि ते उजळायलाच हवे होते, कारण मेहनत दिसत होती.

पण ती बाई काय बोलली, हे त्या सभागृहात कुणालाच कळलं नाही.

ही गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्या मुलांनी ती फिल्म केली, त्यातली निम्मी तरी मागाच्या खडखडाटातच वाढलेली. त्यांच्या घराची एक भिंत कारखान्याला लागून. साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभराच्या वर फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीला जोराचा ठोका बसतो. असे आठ-दहा माग एका पत्र्याच्या शेडमध्ये चालू असले की आवाज ९० डेसिबलच्या वरच जातो. त्या शेडमधली माणसं एकमेकांशी ओठ वाचून, हातवारे करून बोलतात. म्हणजे त्या मुलांच्या आसपासचा सगळ्यात मोठा, सगळ्यात ओळखीचा आवाज हाच. आणि नेमका तोच आवाज त्यांना 'खराब' वाटला. चित्र घेताना त्यांनी दहा वेळा कोन बदलला असेल; आवाज काही घ्यायची गोष्ट आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे शाळेत सिनेमा शिकवायचं म्हटलं की पहिल्या तासाला कॅमेरा हातात दिला जातो. माझं मत अगदी उलट आहे. पहिले तीन-चार तास कॅमेरा कपाटात राहिला तरी काही बिघडत नाही.

माध्यमिक शाळेत हा विषय कुठे बसतो, हा प्रश्न दरवेळी येतो. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षाच्या आसपास द्यायच्या जीसीएसई परीक्षेला 'फिल्म स्टडीज' हा स्वतंत्र विषय घेता येतो. तिथल्या एज्युकास मंडळाच्या अभ्यासक्रमात ७० टक्के गुण लेखी परीक्षेला आणि ३० टक्के प्रत्यक्ष कामाला आहेत. विद्यार्थ्याने चित्रपटाचा एक तुकडा किंवा पटकथा करायची आणि आपल्याच कामाचं परीक्षण लिहायचं. आपल्याकडे सीबीएसईत अकरावी-बारावीला 'मास मीडिया स्टडीज' आहे. राज्य मंडळाच्या बहुतेक शाळांत मात्र नववी-दहावीच्या वेळापत्रकात याला स्वतंत्र तास सापडत नाही. तरी जागा नाही असं नाही. दहावीच्या मराठीच्या पेपरात जाहिरातलेखन आहे, बातमीलेखन आहे. नववीच्या विज्ञानात ध्वनीचा अख्खा धडा आहे. कलेचे तास आहेत. ज्या शिक्षकाला करायचं आहे, त्याने या तीन ठिकाणांहून आठवड्याला एक तास काढावा. वर्षभरात पंचवीसेक तास हाती लागतात आणि तेवढे पुष्कळ झाले.

पहिल्या तासाला फक्त ऐकायचं. वही उघडायची, डोळे मिटायचे, तीन मिनिटं गप्प बसायचं आणि मग जे जे ऐकू आलं ते लिहायचं. जवळचं, मधलं आणि लांबचं अशा तीन रकान्यांत. पहिल्या खेपेला मुलं पाच-सहा आवाज लिहितात: पंखा, शेजारच्या वर्गातले सर, रिक्षा, कावळा. तीच कृती दुसऱ्या आठवड्यात केली की यादी दुप्पट होते. बाकाची कुरकुर येते, कुणाचा तरी नाकातून घेतलेला श्वास येतो, लांबच्या गल्लीतलं तेलुगू गाणं येतं, अजान येते, कुकरची शिट्टी येते, आणि कुणीतरी लिहितं, "माग. पण बंद पडलेला, परत चालू झाला." त्या पोराने तीन मिनिटांत दोन घटना ऐकल्या. इथून पुढे त्याला ध्वनी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसऱ्या तासाला फोनचा रेकॉर्डर. इथे मुलांना एक धक्का बसतो आणि तो बसू द्यावा. कानाला स्पष्ट वाटलेलं बोलणं रेकॉर्डिंगमध्ये पंख्याखाली गाडलं जातं. आपला मेंदू नको ते आवाज मागे ढकलतो, माईक ढकलत नाही. त्यातून फोनमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय असते. मोठा आवाज आला की फोन संवेदनशीलता कमी करतो, शांतता झाली की वाढवतो. म्हणून मागाजवळ बोलणाऱ्या माणसाचा आवाज दबतो आणि माग थांबल्यावर दोन सेकंदांत हवेची सळसळ एकदम अंगावर येते. शिवाय कॉलसाठी केलेली गोंगाट कमी करण्याची करामत काही फोनमध्ये रेकॉर्डिंगलाही लागू होते. मग एकसारखा खडखडाट आणि माणसाचा आवाज दोन्ही पाण्याखालून आल्यासारखे ऐकू येतात. हातानं पातळी ठरवता येईल असं रेकॉर्डिंग ॲप घ्यावं, ४८ किलोहर्ट्झवर ठेवावं आणि सगळ्यात मोठ्या शब्दाला ॲपमधला काटा (त्यावर शून्य म्हणजे कमाल) उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतकीच पातळी ठेवावी. काटा शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर पुरता शिवून निघत नाही.

आता त्या शेडमधल्या मुलाखतीचं गणित. हे फळ्यावर करून दाखवण्यासारखं आहे. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरतं. अंतर निम्मं केलं की सुमारे ६ डेसिबल वाढतात. म्हणजे अर्ध्या मीटरवर ६६, पाव मीटरवर ७२, ओठांपासून चार बोटांवर माईक धरला तर ८२च्या आसपास. माग ९०च्या वर. म्हणजे माईक इतका जवळ आणला तरी माग वरचढच राहणार. दहा हजारांचा माईक आणून हा प्रश्न सुटत नाही, हे मुलांना आकड्यांनी पटतं. मग राहतो एकच उपाय: बोलणं एकीकडे घ्यायचं, माग दुसरीकडे घ्यायचा आणि दोन्ही नंतर एकत्र आणायचे.

माग थांबवा असं मात्र म्हणायचं नाही. जेवढं काम तेवढीच मजुरी मिळते. दहा मिनिटं माग थांबला तर ती दहा मिनिटं कुणाच्या तरी खिशातून जातात. हे मुलांना आधी सांगायला हवं, आणि मला वाटतं माध्यमशिक्षणातला हा पहिल्या रांगेतला धडा आहे. जेवणाच्या सुट्टीत जायचं, किंवा काम सुटल्यावर त्यांच्या घरी. अंगणात, पाठ भिंतीकडे. बोलणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड चादरी टाकायच्या. सोलापुरात चादरींची वानवा नाही, आणि जाड सुती चादर हा आवाजाच्या कामासाठी उत्तम पडदा आहे. फक्त ती काय करते आणि काय करत नाही हे ओळखून वापरावी. पत्र्यावरून, फरशीवरून परत फिरणारा आवाज ती शोषते, त्यामुळे बोलणं गोळीबंद येतं. भिंतीपलीकडच्या मागाची घरघर मात्र ती अडवू शकत नाही. जाडजूड घरघर कापडातून आरपार जाते. त्यासाठी लांबच जावं लागतं.

कॉलरला लावायचा वायरचा माईक चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि शाळेला पुरतो. घेताना पिनेकडे बघायचं. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर तो फोनला चालतो. दोन असतील तर तो कॅमेऱ्याचा, फोन त्याला ओळखणार नाही आणि स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत राहील. शूटिंग संपेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून लावल्यावर माईकवर नखाने हळूच टकटक करून हेडफोनमध्ये ऐकायचं. नव्या फोनला गोल पिनेचं भोकच नसतं, त्याला टाइप-सीचा जोड लागतो. त्यातले स्वस्तातले काही जोड गाणं ऐकवतात पण माईक आत घेत नाहीत. दुकानातच तपासून घ्यावं. माईक हनुवटीखाली साधारण एक वीत, साडीच्या काठाला लावला तर पदर घासणार नाही अशा बाजूला. माईकच नसेल तर दुसरा फोन रेकॉर्डिंग चालू करून खिशात किंवा मांडीवर ठेवायचा. मग चित्र एका फोनवर, आवाज दुसऱ्यावर, जुळवायचे कसे? सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी. शेवटीही एक टाळी, कारण फोन दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम घेतो असं नाही. पाच मिनिटांच्या मुलाखतीत ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात. शेवटच्या टाळीवरून किती सुटले ते कळतं आणि मध्ये कुठेतरी कापून जुळवता येतं.

आणि तीस सेकंद काहीच नाही.

मुलाखत झाल्यावर सगळ्यांनी जागच्या जागी तीस सेकंद गप्प उभं राहायचं आणि त्या जागेचा रिकामा आवाज घ्यायचा. मुलांना हे सगळ्यात विचित्र वाटतं, हसू फुटतं, पुन्हा घ्यावं लागतं. एडिटिंगला बसलं की महत्त्व कळतं. मधला खोकला कापला तर तिथे नुसती शांतता येत नाही, खड्डा पडतो, कानाला ठेच लागते. त्या खड्ड्यात हे तीस सेकंद भरायचे. दर जागेचे वेगळे. अंगणाचा रिकामा आवाज वर्गातल्या तुकड्यात चालत नाही. मागाचाही आवाज असाच सुटा घ्यायचा: एक मिनिट मागाजवळ, एक दारातून, एक रस्त्यावरून. जवळचा घेताना पातळी पार खाली आणायची. मग एडिटिंगमध्ये आधी पूर्ण खडखडाट, चार-पाच सेकंद तसाच, इतका की बघणाऱ्याला नकोसा व्हावा. मग तो हळूहळू खाली उतरवून त्याच्या वर बाईचा आवाज, चित्र अजून मागाचंच. आणि तिचं पहिलं वाक्य संपता संपता तिचा चेहरा. आवाज आधी, चेहरा नंतर. बासरीची गरज पडत नाही.

कॅमेरा इथून पुढे. पहिलं काम असं द्यायचं की ज्यात काहीच करता येत नाही. सिनेमाच्या आरंभकाळातल्या फ्रेंच ल्युमिएर बंधूंच्या सुरुवातीच्या फिल्म साधारण १७ मीटर लांबीच्या असत, म्हणजे पन्नासेक सेकंदांच्या. कॅमेरा तिकाटण्यावर, एकच जागा, एकच चौकट, रीळ संपलं की फिल्म संपली. तेच मुलांनी करायचं. फोन आडवा, विटेला रबर लावून किंवा डब्याला टेकवून पक्का. झूम नाही, फिरवणं नाही, कापणं नाही, संगीत नाही. जागा शोधायला एक आठवडा, शूट करायला एक मिनिट. लक्ष्मी मंडईचं तोंड, सिद्धेश्वर तलावाचा काठ, पार्क चौकातला चहावाला, स्वतःच्या घराचं मागचं दार. बहुतेक मुलं चौकटीत निम्मं आभाळ घेतात, कारण माणूस मध्यभागी ठेवायची सवय असते. बहुतेकांचा फोन समोरून रिक्षा गेली की फोकस शोधत धूसर होतो. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच कुलूपबंद होतात, हे पन्नास टक्के मुलांना माहीत नसतं. वर्गात ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रावरून काळपट पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, आणि फोन ठरलेला असतो सेकंदाला तीस फ्रेमवर. ॲपमध्ये २५ फ्रेम आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर (१/५०) ठेवलं की पट्टे जातात. फुल एचडीत मिनिटाला शंभर-सव्वाशे एमबी लागतात, फोर-केला त्याच्या तिपटीच्या आसपास. शाळेच्या कामाला फुल एचडी भरपूर झालं. फोन विमान मोडवर, नाहीतर ऐन वेळी मामाचा फोन येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं.

हे पन्नास सेकंद वर्गात लावले की आधी कंटाळा येतो. तो कंटाळा घाईने मोडू नये. वीस-पंचवीस सेकंदांनंतर मुलं बघायला लागतात. "ती म्हातारी पैसे दोनदा मोजती बघ." "कुत्रं तिकडून गेलं, आवाज आधी आला." मग पुन्हा तीच फिल्म, यावेळी आवाज बंद करून. आणि तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, फक्त आवाज. या तीन फेऱ्यांत जे शिकून होतं, ते शॉटच्या प्रकारांची यादी पाठ करून होत नाही. लाँग, मिड, क्लोजअप ही नावं मुलं स्वतःच मागतात, कारण त्यांना एकमेकांना काहीतरी सांगायचं असतं.

दादासाहेब फाळक्यांची एक गोष्ट या वयाला फार जवळची वाटते. १९१३च्या पहिल्या कथापटाच्या आधी, भांडवल देणाऱ्यांना या कलेची ताकद पटवण्यासाठी, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेऊन टिपलं होतं. हे मटकी घेऊन खिडकीशी करता येतं, आणि गणित मुलांनीच मांडायचं: सेकंदाला बारा चित्रं धरली तर दहा सेकंदांना १२०, अर्ध्या तासाला एक घेतलं तर साठ तास. रात्री कोण घेणार? इथे वर्गात भांडण होतं आणि ते फार चांगलं भांडण असतं. खिडकीशी केलं तर सकाळ-दुपारच्या उजेडाने चित्र लुकलुकतं. खोक्यात एक बल्ब लावून केलं तर नाही, पण बल्बच्या उष्णतेने कोंब सुकतो, म्हणून बल्ब एलईडीचा आणि पाणी थेंबाथेंबाने. फोनची जागा टेबलावर चिकटपट्टीने आखून ठेवायची. फोन कुणाचा तरी असतो, तो घरी जाणारच.

एडिटिंगचा एक गाजलेला प्रयोग शंभर वर्षांपूर्वीचा, रशियातला दिग्दर्शक कुलेशोव्ह याचा. तोच भावहीन चेहरा, पुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी एक स्त्री. बघणाऱ्यांना तोच चेहरा दरवेळी वेगळ्या भावनेचा वाटला. मुलं याचा सोलापुरी अवतार झटक्यात करतात: एका मित्राचा चेहरा, आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचं ताट, हार घातलेला फोटो, फाटलेला पतंग. प्रयोग फसतो तो मित्र अभिनय करायला लागतो म्हणून. त्याला काही सांगायचंच नाही. मनातल्या मनात सतराचा पाढा म्हण, एवढंच. पण मला याचा दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. एका बंद दाराचा दहा सेकंदांचा शॉट घ्यायचा आणि त्याखाली तीनदा वेगळा आवाज टाकायचा: एकदा चालू माग, एकदा तान्ह्या बाळाचं रडणं, एकदा करुण बासरी. मग शेजारच्या तुकडीला विचारायचं, दाराआड काय आहे? मागाला आणि बाळाला उत्तरं येतात, भरभरून येतात. बासरीला सगळ्यांचं उत्तर एकच येतं: "काहीतरी वाईट झालंय." काय झालंय ते कुणालाच सांगता येत नाही. त्या घड्या घालणाऱ्या बाईचं नेमकं हेच झालं होतं. ती हसली होती, तरी बघणाऱ्यांना तिची कीव आली.

बातम्यांकडेही याच वाटेने जाता येतं. मोबाईलवर फिरणाऱ्या खोट्या व्हिडिओंत पुष्कळदा चित्र खरंच असतं, पण दुसऱ्या गावचं, दुसऱ्या सालचं. खोटा असतो तो वर टाकलेला आवाज नाहीतर खालचा मजकूर. म्हणून सवय अशी लावायची: क्लिप आली की आधी आवाज बंद करून बघायची आणि दिसलं तेवढंच लिहायचं. "लोक पळतायत. पाऊस पडलाय. पाटीवरची लिपी कानडी वाटते." मग आवाज चालू. आता काय बदललं? जे बदललं ते कुणी सांगितलं म्हणून बदललं? सोलापूरच्या मुलाला इथे एक फायदा आहे जो पुण्याच्या मुलाला सहजी मिळत नाही. त्याच्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी ऐकणारे कान एकाच बाकावर बसलेले असतात. गर्दीत कोण कुठल्या भाषेत ओरडतंय, हे तो सांगू शकतो. छापील बातमीसाठी पट्टी घ्यायची. एकाच घटनेच्या तीन दैनिकांतल्या बातम्या, किती सेंटिमीटर, फोटो कुणाचा, अवतरणचिन्हात कोणाचं बोलणं आलंय आणि कोणाचं नाही. दहावीच्या पेपरातलं बातमीलेखन मुलं साच्यात बसवून लिहितात. हे मोजमाप एकदा केलं की साचा कुठून येतो तेही दिसतं.

भाषेचं काम मला फार नाजूक वाटतं. मागावरच्या माणसाचं मराठी तेलुगूच्या चालीने येतं, मध्येच पूर्ण तेलुगू वाक्य येतं. मुलांचा आणि शिक्षकांचाही पहिला विचार असतो की ते 'शुद्ध' मराठीत डब करू. करू नये. करमाळ्याकडच्या जेऊरचे नागराज मंजुळे आपल्या भागातली बोली जशीच्या तशी पडद्यावर आणतात आणि सबंध महाराष्ट्र ती ऐकतो, हे या मुलांना ठाऊक आहे. मग स्वतःच्या गल्लीतली बोली का लपवायची? खाली अक्षरं द्यावीत: दोनच ओळी, एका ओळीत पस्तीस-चाळीस अक्षरांच्या आत, आणि वाक्य मनातल्या मनात एकदा वाचून होईल इतका वेळ तरी. काही ॲपमध्ये देवनागरीची वेलांटी आणि रफार वरून कापले जातात. फॉन्ट बदलून बघावा आणि शूटिंगच्या आधीच बघावा. या कामात वर्गाची रचना पालटते. घरी तेलुगू बोलणारी, वर्गात मागच्या बाकावर गप्प असणारी मुलगी अचानक गटातली सगळ्यात गरजेची व्यक्ती होते. एकेक शब्द थांबवून ती ऐकते, मान हलवते, "नाही सर, 'त्रास' नाही म्हणत त्या, 'सवय' म्हणतायत," आणि सगळा गट तिच्या वहीवर वाकतो. अर्थ बदललेला असतो, आणि तो तिने वाचवलेला असतो.

परवानगी लेखी घ्यावी, कारखान्याच्या मालकाची आणि बोलणाऱ्याचीही, मुलांच्या पालकांची तर घ्यावीच. फिल्म आधी बोलणाऱ्याला दाखवावी, मग शाळेला. तो म्हणाला हे वाक्य काढा, तर काढावं.

गट पाचांचा बरा: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, एडिटिंग, नोंदी. पण कामं दर वेळी फिरवायलाच हवीत. मोकळं सोडलं की कॅमेरा मुलग्याकडे जातो, नोंदवही मुलीकडे, आणि हेडफोन ज्याला काहीच मिळालं नाही त्याच्याकडे. हेडफोन घातलेल्याला एक अधिकार द्यावा: "थांबा, परत" म्हणायचा. हॉर्न वाजला, पदर घासला, विमान गेलं, त्याने हात वर केला की दिग्दर्शकानेही थांबायचं. गुण द्यायचे असतील तर मी तीसपैकी दहा आवाजाच्या नोंदवहीला देईन, दहा दोन मिनिटांच्या फिल्मला, आणि दहा त्या फिल्ममध्ये आपण काय गाळलं आणि का, यावर लिहिलेल्या दीड पानाला. विषय शिक्षकाने देऊ नये. दिला की 'झाडे लावा' येतं, 'मोबाईलचे दुष्परिणाम' येतं, शेवटी हात जोडून कॅमेऱ्याकडे बघणारं पात्र येतं. जागा द्यावी, विषय मुलं शोधतात.

आणि वर्षाअखेरीला हे सगळं कुठे जातं, याचा विचार जूनमध्येच करायला हवा. बहुतेक ठिकाणी ते शिक्षकांच्या फोनमध्ये असतं आणि फोन बदलला की संपतं, नाहीतर व्हॉट्सॲपवरून पाठवताना चित्र-आवाज दोन्ही दाबले जातात. पाठवायचंच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावं. फिल्मपेक्षा मला सुट्या आवाजांची जास्त काळजी वाटते. धोट्याचे जुने माग जाऊन बिनधोट्याचे रॅपियर माग येतायत, त्यांचा आवाज वेगळा आहे. विडी वळणाऱ्या बायकांची पान कापायची कात्री, पत्र्याच्या सुपात पडणारी विडी, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या उंच काठ्या निघताना उठणारा "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र"चा गजर. तो घेताना फोन गर्दीत धरू नये, एखाद्या गच्चीवरून घ्यावा, नाहीतर आपोआप पातळी दाबणारा फोन हजारो माणसांची पन्नास करून टाकतो. प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गल्ली, कशाचा आवाज, किती अंतरावरून आणि कोणी घेतला एवढं असावं; 'नवीन रेकॉर्डिंग १४' या नावाची फाइल दोन वर्षांनी कुणीच उघडत नाही. एक प्रत शाळेच्या संगणकावर, एक ग्रंथालयातल्या पेनड्राइव्हवर, आणि एक ज्यांचा आवाज घेतलाय त्यांच्या घरी, त्यांच्या फोनवर चालेल अशा एमपी-थ्रीत.